तळ राखील तो कडा चाखील

आमच्या गराजमध्ये, बर्फ काढायच्या फावड्याच्या शेजारी, एका खिळ्याला बुटांचे चार जोड लटकलेले असतात. घरी पाहुणे आले की ते हमखास विचारतात, "हे कोणाचे? इतके लहान? आणि असे वाकडे का?" बूट दिसायला खरोखरच विचित्र आहेत. पुढून निमुळते, अर्धवट सोललेल्या केळ्यासारखे वाकलेले, आणि वासाबद्दल न बोललेलंच बरं. हे कडे चढायचे बूट. घरातली चौघंही कमीअधिक प्रमाणात या नादाला लागलेली असल्यामुळे चार जोड. ते लहान दिसतात याचं कारण ते मुद्दाम घट्ट घ्यावे लागतात. आत बोटं हलली की बाहेर दगडावरचा पाय हलतो.

हे वेड आमच्या घरात शिरलं ते मुलांच्या वाढदिवसाच्या पार्ट्यांमधून. हल्ली न्यू जर्सीतल्या निम्म्या पार्ट्या 'क्लाइंबिंग जिम'मध्ये होतात. मुलं भिंतीवर चढतात आणि आईबाप खाली पिझ्झ्याच्या टेबलाशी बसून घरांच्या किमतींवर बोलतात. आम्ही दोघं एकदा कंटाळून उठलो, भाड्याचे बूट पायात घातले आणि दहा फुटांवरून हातपाय थरथरत खाली उतरलो. पण मजा आली. कॉलेजच्या दिवसांत राजगड-तोरणा केला होता, नागफणीच्या टोकावर बसून वडापाव खाल्ला होता, ते सगळं आठवलं. 2021 मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा लेकीने पहाटे उठून टीव्ही लावला, आणि तेव्हापासून तिचा शनिवार भिंतीवर जातो.

मुद्दा बुटांचा. हे बूट झिजतात. आणि झिजतात ते सगळीकडून सारखे नाही, तर अंगठ्याखालच्या इंचभर जागेत. बाकी सगळा बूट नव्यासारखा, वरचं चामडं पायाच्या आकाराला छान बसलेलं आणि अंगठ्यापाशी मात्र रबराची कड गोल झालेली. एवढ्यासाठी दीडशे-दोनशे डॉलरचा जोड फेकून द्यायचा? आमच्या मध्यमवर्गीय मनाला ते पटेना. आमच्या लहानपणी जून महिन्यात शाळेचे बूट आले की ते मार्चपर्यंत टिकवायचे असत. मध्ये तळ सुटला तर बसस्टॉपजवळच्या चांभारकाकांकडे जायचं. ते रापीने जुना भाग तासून काढत, दोन्हीकडे 'सोल्युशन' लावत, आणि लगेच चिकटवायला गेलं की आमच्या हातावर चापट मारून म्हणत, "थांब, वाळू दे आधी!" त्या चापटीचा अर्थ समजायला आम्हाला पस्तीस वर्षं आणि एक अपघात लागला. तो पुढे येईलच.

हे रबर आलं कुठून?

डोंगरात घालायच्या बुटांचे तळ पूर्वी चामड्याचे असत आणि त्यांना खाली लोखंडी खिळे मारलेले असत. अवघड कातळ आला की ते जड बूट खाली ठेवून कापडी किंवा नमद्याच्या तळाचे हलके जोडे घालून चढायची युरोपात पद्धत होती. 1935 साली इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या पुंता रासिका या शिखरावर अशीच एक तुकडी हलक्या जोड्यांत चढली आणि वादळात सापडली. सहाजण दगावले. त्या मोहिमेतले विताले ब्रामानी वाचले. हे मृत्यू अपुऱ्या पादत्राणांमुळे झाले, ही गोष्ट त्यांनी मनाला लावून घेतली आणि 1937 मध्ये पिरेली या टायर कंपनीच्या मदतीने खाचा पाडलेला रबरी तळ तयार केला. त्यांच्या नावाची आणि आडनावाची आद्याक्षरं जोडून झालेलं 'व्हिब्राम' हे नाव आज ट्रेकिंगच्या अनेक बुटांखाली पिवळ्या अष्टकोनात दिसतं. 1954 साली इटालियन गिर्यारोहक के-टूच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले, तेव्हा त्यांच्या पायातही हेच तळ होते.

निव्वळ कातळ चढायच्या बुटाची कथा थोडी वेगळी. फ्रान्समध्ये पिएर आलाँ या गिर्यारोहकाने 1930 च्या दशकात फाँतेनब्लोच्या शिळांवर चढण्यासाठी गुळगुळीत रबरी तळाचा बूट करून घेतला. मग 1982 मध्ये स्पेनच्या बोरेआल कंपनीचा 'फायरे' हा बूट आला. त्याचं रबर इतकं चिकट होतं की योसेमिटीतल्या मंडळींमध्ये तो मिळवण्यासाठी झुंबड उडाली. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स कोल यांनी 'फाइव्ह टेन' ही कंपनी काढली आणि तिचं 'स्टेल्थ' नावाचं रबर पुढे फार गाजलं. आज घरी दुरुस्ती करणाऱ्यांना व्हिब्रामच्या 'एक्सएस ग्रिप' आणि 'एक्सएस एज' या दोन प्रकारच्या पत्र्या सहज मिळतात. पहिलं रबर मऊ, खडबडीत उतारावर पाय घासून उभं राहायला चांगलं. दुसरं जरा कडक, बारीक खाचेवर कडेने उभं राहायला चांगलं.

इथे आमच्यातला इंजिनिअर थोडा वेळ बोलणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा. घर्षण हे पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं आपण अकरावीला घोकलं. रबर हा नियम पाळत नाही. मऊ रबर दगडाच्या बारीक खळग्यांत शिरतं आणि घसरताना त्याला सतत आकार बदलावा लागतो. त्यात शक्ती खर्च होते, म्हणजेच विरोध निर्माण होतो. शिवाय रबराचे रेणू दगडाला प्रत्यक्ष चिकटूनही बसतात. म्हणून कोरड्या कातळावर जितकं रबर टेकेल तितकं चांगलं. चढायच्या बुटाला खाली नक्षी नसते ती यामुळेच. नक्षी हवी चिखलात. आणि याच कारणाने बुटाला लागलेली धूळ ही मोठी शत्रू. रबर आणि दगड यांच्या मध्ये ती बसली की सगळं शास्त्र फुकट.

आजारी बूट कसा ओळखावा

बुटाची शरीररचना सोपी आहे. वर चामडं किंवा कृत्रिम कापड. आत कडकपणा देणारी पातळ पट्टी. खाली साधारण चार मिलिमीटरचा रबरी तळ. आणि बोटांभोवती, तळाच्या वर, पातळ रबराची गुंडाळलेली पट्टी. हिला 'रँड' म्हणतात, आणि सगळ्या लेखातून एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल तर तो हा. तळ बदलता येतो. रँड फाटली तर काम दसपट अवघड होतं, कारण ती ताणून बसवलेली असते आणि बुटाचा आकारच तिच्या ताणावर टिकलेला असतो.

म्हणून दर महिन्याला बूट उलटा करून उजेडात धरावा. अंगठ्यापाशी तळाची धारदार कड गोल झाली असेल आणि जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तर वेळ झाली. तळ आणि रँड यांच्यामधली रेघ पुसट झाली असेल, तर वेळ टळत चालली आहे. रँडला भोक पडून चामडं दिसत असेल, तर घरचे प्रयोग नकोत. तो बूट व्यावसायिक कारागिराकडे पाठवावा. अमेरिकेत हे काम टपालाने करून देणारे कारागीर आहेत. ते काम उत्तम करतात, पण हंगामात काही आठवडे थांबावं लागतं. आणि कारागीर 'आता पुरे' म्हणाला, तर त्याचं ऐकावं.

आणखी एक गोष्ट. बूट फार लवकर झिजत असतील तर दोष बऱ्याचदा पायाचा असतो. नवशिका माणूस पाय भिंतीवर घासत वर नेतो. अनुभवी माणूस आधी जागा बघतो आणि मग पाऊल अलगद ठेवतो, देवघरात समई ठेवावी तसं. लेकीच्या प्रशिक्षकाने मुलांना पावलांचा आवाज न करता चढायला लावलं, तेव्हापासून तिचे बूट आमच्यापेक्षा जास्त टिकू लागले. आमच्या पावलांचा आवाज अजून पिझ्झ्याच्या टेबलापर्यंत येतो.

पहिलं यश आणि त्याचा माज

पहिली दुरुस्ती आम्ही स्वतःच्या बुटावर केली. जुना जोड होता, गेला तर गेला. ऑक्टोबरचा छान कोरडा रविवार होता, गराजचं दार उघडं होतं, आणि घाई कसलीच नव्हती. संध्याकाळपर्यंत खपून केलेलं ते काम दिसायला ओबडधोबड झालं, पण वर्षभर टिकलं. जिममधल्या मित्रांना आम्ही बूट उलटे करून दाखवत असू. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत उभं राहूनसुद्धा दाखवले आहेत. ज्यांच्या ताटाशेजारी दाखवले त्यांची इथे जाहीर माफी मागतो.

मग लेकीच्या बुटांचा नंबर आला. ऑगस्टचा महिना, दमट हवा, आणि शनिवारी शावांगंक्सला जायचं ठरलेलं. आम्हाला मुहूर्त मिळाला गुरुवारी रात्री, जेवणं झाल्यावर. नवीन रबराची पत्री पाकिटातून काढली, छान चकचकीत होती, तशीच कापली. सोल्युशनचा एक हात लावला. वाळायला किती वेळ दिला यावर आजही घरात दोन मतं आहेत. एक मत दहा मिनिटांचं आहे, दुसरं पाच. शांतता टिकावी म्हणून ते कोणाचं काम होतं ते इथे लिहीत नाही. हातोडीने ठोकलं, कडा घासल्या, शुक्रवारी सकाळी बघितलं तर पहिल्या जोडापेक्षा सुबक दिसत होतं.

शावांगंक्स, म्हणजे इकडच्या लोकांचं लाडकं 'गंक्स', न्यूयॉर्क राज्यात न्यू पॉल्ट्झ गावाजवळ आहे. पांढऱ्या गारगोट्या एकत्र चिकटून झालेला तो खडक. चिक्कीत शेंगदाणे असावेत तशा त्यात गारगोट्या बसलेल्या दिसतात. तो आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाहून कितीतरी जुना आहे. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा चाळीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. 1935 मध्ये फ्रिट्झ वीसनर या जर्मन गिर्यारोहकाला हे कडे हडसन नदीपलीकडून दिसले आणि इथल्या चढाईची सुरुवात झाली. 1941 मध्ये वीसनर आणि हान्स क्राउस यांनी 'हाय एक्स्पोझर' ही वाट चढली. आजही तिच्या पायथ्याशी रांग लागते.

आम्ही अर्थातच सोप्या वाटेवर होतो. दोर वरून बांधलेला, खाली आमच्यापैकी एकजण दोर धरून, दुसरा धाकट्याला सांभाळत. लेक चाळीसएक फुटांवर गेली. उजवा पाय एका बोटभर रुंदीच्या कडेवर ठेवला, त्यावर सगळं वजन घेतलं आणि वरच्या खाचेसाठी हात लांबवला. तेवढ्यात पाय गेला. दोर ताणला गेला, ती झोक्यासारखी डावीकडे गेली, आणि कोपर व गुडघा दगडावर घासत थांबली. वरून आवाज आला, "बाबा, टेक!" दोर आधीच ताणलेला होता. मग थोडं थांबून, अगदी शांतपणे, "सोल सुटलाय."

खाली आल्यावर बघितलं तर अंगठ्यापासून दीड इंच तळ मगरीच्या तोंडासारखा उघडा पडला होता. कोपराला खरचटलं होतं, गुडघ्याला सूज होती, बाकी काही नाही. तिने डबा उघडला, पोळीचा रोल खाल्ला, भाड्याचे बूट आणायचे का असं आम्ही विचारल्यावर "नको, आज बास," म्हणाली. गाडीत दोन तास कोणी गाणी लावली नाहीत. घरी आल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "दुकानातून आलेल्या नवीन बुटाचं असं झालं असतं का?"

याला उत्तर देता येईना. दोर वर होता म्हणून भागलं. तीच वाट ती पुढे दोर नेत चढत असती, म्हणजे पडल्यावर आधी काही फूट मोकळं खाली यावं लागलं असतं, तर? दोन रात्री हा 'तर' आमच्या उशाशी होता. साठ डॉलर वाचवल्याचं जे कौतुक आम्ही सगळ्यांना सांगत फिरत होतो, ते कोणाच्या जिवावर?

शवविच्छेदन

नवीन जोड लगेच आणला, ते सांगायला नकोच. पण तो बूट फेकला नाही. कारखान्यात एखादा भाग तुटला तर आपण तो टेबलावर ठेवून का तुटला ते शोधतो. घरचाच भाग तुटला तर शोधायला नको?

सुटलेला तळ भिंगाखाली धरला. बुटाच्या बाजूला सोल्युशनचा पूर्ण थर होता. तळाच्या बाजूला काहीच नव्हतं, स्वच्छ, चकचकीत रबर. याचा अर्थ स्पष्ट होता. सोल्युशन मधोमध फाटलं असतं तर दोन्हीकडे थोडं थोडं राहिलं असतं. इथे ते नव्या रबराला मुळात धरलंच नव्हतं. का? रबराची पत्री साच्यातून निघते. ती साच्याला चिकटू नये म्हणून वापरलेला पदार्थ पृष्ठभागावर राहतो, आणि रबरातलं मेणही वर येऊन बसतं. आम्हाला जी चकाकी आवडली होती, ती हीच. ती घासून काढायची असते. आम्ही काढली नव्हती.

दुसरं कारण टाचेकडच्या भागात सापडलं. तो भाग आम्ही हाताने ओढून उघडला, तेव्हा आत सोल्युशन अजून ओलसर आणि ताणलं की तार धरणारं होतं. रबरातून वाफ बाहेर जात नाही. चिकटवण्याआधी जेवढं उडून जाईल तेवढंच, उरलेलं आत कोंडतं. त्यात ऑगस्टची दमट रात्र. सोल्युशन उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं, फ्रीजमधून काढलेल्या पेल्यावर बसतं तसं. चांभारकाकांची चापट आठवली ती इथे. "थांब, वाळू दे आधी!" त्यांना रसायनशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, आम्हाला शिकवलं होतं.

आता आम्ही कसं करतो

ज्यांना हात चालवून बघायचा आहे त्यांच्यासाठी आमची रीत देतो. पहिला प्रयोग मात्र जुन्या, जिममधल्या बुटावर करावा.

आधी सुरक्षितता. हे सोल्युशन म्हणजे निओप्रीनचं 'काँटॅक्ट सिमेंट', आणि अनेक प्रकारांत टोल्यूईन असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. अमेरिकेतल्या अनेक गराजांत गॅसचा वॉटर हीटर असतो आणि त्याच्या खाली छोटी ज्योत जळत असते. तिथे हे काम करणं म्हणजे आगीला आमंत्रण. आम्ही मागच्या अंगणात टेबल टाकतो. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क लागतो. हातात नायट्राइलचे मोजे. मुलं आणि गरोदर बायका दूर. टोल्यूईन नसलेलं सिमेंटही मिळतं, पण तेही पेटतं.

बूट कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन दोन दिवस सावलीत वाळवावा. मग चवड्याच्या मागे, जिथे तळ झिजलेला नाही तिथे, आडवी रेघ मारावी. पुढचा अर्धा तळच बदलायचा असतो. हीट गनने जुना तळ थोडा थोडा गरम करून पकडीने सावकाश ओढावा. हात लावता येईल पण धरून ठेवता येणार नाही, इतपतच गरम. जास्त तापवलं तर रँडखालचं सोल्युशनही सुटतं आणि मग रडायची वेळ येते. रेघेपाशी तळ तिरका कापावा, म्हणजे जुन्या-नव्याचा सांधा एकावर एक बसतो. चांभारकाका रापी तिरकी धरत ती यासाठी.

नवीन रबर लागतं त्यापेक्षा चारी बाजूंनी पाच मिलिमीटर मोठं कापावं. सुरी पाण्यात बुडवून कापली की रबर लोण्यासारखं कापलं जातं. आता सगळ्यात महत्त्वाचं काम. 60 नंबरच्या पॉलिश पेपरने बुटाकडची बाजू आणि नवं रबर, दोन्ही घासायचं, एकही चकचकीत ठिपका उरेपर्यंत थांबायचं नाही. मग ब्रशने धूळ झटकून, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळू द्यायचं. त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही. बोटाचं तेलसुद्धा पुरतं.

सोल्युशनचे दोन पातळ हात, दोन्ही बाजूंना. पहिला हात अर्धा तास वाळवायचा. दुसरा लावून डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं. आमच्याकडे तो वीस मिनिटांच्या पुढे जातो. बोटाच्या मागच्या बाजूने टेकवून बघावं. चिकट लागलं पाहिजे, पण तार निघता कामा नये. पावसाळी किंवा फार दमट दिवशी हे काम काढूच नये. थंडीत गोठलेल्या गराजमध्येही नको.

बुटात चिंध्या ठासून भराव्यात, म्हणजे ठोकायला आतून आधार मिळतो. मग सांध्यापासून सुरुवात करून अंगठ्याकडे रबर बसवत जावं. इथे दुसरी संधी नाही, टेकलं की धरलं. हातोडीने मधून बाहेरच्या दिशेने ठोकत जावं. किती वेळ दाबून ठेवता यापेक्षा किती जोराने दाबता, याला महत्त्व जास्त. मग दोन दिवस बुटाकडे बघायचंही नाही. शेवटी जादा रबर सुरीने काढून कड पट्ट्याच्या सँडरवर हलक्या हाताने घासावी. घासताना रँडला धक्का लागता कामा नये, आणि रबर तापलं की थांबावं.

आणि अपघातानंतर घातलेला नियम. प्रत्येक वेळी कापलेल्या तुकड्यांपैकी दोन तुकडे त्याच सोल्युशनने, त्याच वेळी, त्याच रीतीने चिकटवून बाजूला ठेवायचे. दोन दिवसांनी ते पकडीत धरून ओढायचे. रबर फाटायला लागलं पण सांधा सुटला नाही, तर बूट पास. सांधा स्वच्छ सुटला, तर बूट नापास, कितीही सुबक दिसत असो. पास झालेला बूटही आधी चार आठवडे जिममध्ये, वरून बांधलेल्या दोरावरच वापरायचा. दर वेळी घालण्याआधी अंगठ्यापाशी नख घालून बघायचं.

हिशेब

पैशाचा हिशेब मांडला तर, पत्री, सोल्युशन, मास्क आणि वाया गेलेला एक जोड धरून, पहिल्या दोन वर्षांत आम्ही काहीच वाचवलं नाही. तिसऱ्या वर्षापासून वाचायला लागलं. एका बुटाला दोन-तीनदा नवा तळ लागतो, पुढे वरचं अंगच दम सोडतं. तेव्हा नुसते पैसे वाचवायचे असतील, तर थोडं थांबून कारागिराकडे पाठवणंच शहाणपणाचं.

मग का करायचं? आपण ज्यावर उभे राहतो ते कसं जोडलेलं आहे हे आपल्याला माहीत असावं, एवढ्यासाठी. आणि माहीत नसेल तर तेही वेळेवर कळावं.

लेक त्या ऑगस्टनंतर वर्षभर दुकानातूनच आलेले बूट घालत होती. आम्ही एका शब्दाने आग्रह केला नाही. मागच्या वसंतात तिचे ते बूट झिजले. एका शनिवारी सकाळी ती अंगणात आली, टेबलावरचा पॉलिश पेपर उचलला आणि म्हणाली, "मी घासते. तुम्ही फक्त वेळ लावा." तिने पाऊण तास घासलं. रबर उन्हात धरून दोनदा तपासलं, एक ठिपका सापडला, परत घासलं. सोल्युशन लावून झाल्यावर आम्ही सवयीने हात पुढे केला, तर तिने चापट मारली.

तुकड्यांची चाचणी तिनेच केली. रबर फाटलं, सांधा राहिला. तो जोड सध्या खिळ्यावर दुसरा आहे, अजून फक्त जिममध्ये वापरते. गंक्सला कधी घालायचा ते ती ठरवेल.